दुसऱ्याच्या घरचा पंच

शिरूरच्या कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टेबल टाकून मी एकतीस वर्षं दस्त लिहिले. खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, काय म्हणाल ते. शंकररावांचं अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणायचे आणि ते खोटं बोलत नव्हते. नम्रतेचं सोंग मला जमत नाही. या सगळ्या दस्तांत एकच कलम असं आहे की जे लिहिताना मी समोरच्या दोघांना मनात मूर्ख म्हणालो होतो, आणि बारा वर्षांनी तो शब्द मला परत घ्यावा लागला.

साल त्रेसष्ट. पोपट आणि दानिएल भागीदारीचा दस्त लिहून घ्यायला आले. दानिएल शमुवेल हा मिशनच्या कारखान्यात लोखंड कातायची लेथ शिकलेला कारागीर, उंच, कमी बोलणारा. पोपट बन्सी हा त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, फिटर, तोंडाचा पट्टा कायम चालू. दोघांनी मिळून तेलावरची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. पोपटानं पाबळपासून राहूपर्यंत सायकलवर हिंडून विहिरीवरची इंजिनं खोलायची, घासलेला भाग दुकानात आणायचा, आणि दानिएलनं तो लेथवर नव्यानं घडवायचा. दुकानात एका भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, दुसऱ्या भिंतीवर येशूच्या वचनांचं कॅलेंडर आणि मधे ती लेथ. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

दस्तात शेवटी एक कलम असतं: वाद झाला तर दोन्ही बाजूंनी एकेक पंच, आणि पंच देतील तो निवाडा मान्य. प्रत्येक जण आपला माणूस सांगतो. कुणी मेहुणा, कुणी चुलता. मी दानिएलला विचारलं, "तुझ्या बाजूनं पंच कोण लिहू?"

"सोजरबाई," तो म्हणाला.

सोजरबाई म्हणजे पोपटची आई. मी लेखणी खाली ठेवली. "अरे बाबा, तुझ्या बाजूचा पंच पाहिजे. ती त्याची आई आहे."

"म्हून तर. त्याला बोलणारं जगात तेवढं एकच माणूस हाय. आन् मावशी खोटं बोलत न्हाई."

आता पोपट मागं कसा राहील? "मग माझ्या बाजूनं मरियमवहिनी लिवा," तो म्हणाला. मरियम ही दानिएलची बायको, मराठी शाळेत मास्तरीण. "दादाला शिस्त लावायची तर दुसऱ्या कुणाचं काम न्हाई."

दोघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारून हसले. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, असं मी मनात म्हटलं. पण स्टॅम्पपेपर आणलेला होता, उन्हं कलत होती, आणि ते कलम आयुष्यात कुणी उघडून वाचेल असं मला वाटलं नाही. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. अक्षर मात्र सुंदर काढलं.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात दुकानाच्या दाराला दोन कुलुपं लागली.

झालं असं. गावोगावी वीज येत होती, तेलाची इंजिनं कमी होत होती, विजेच्या मोटारी वाढत होत्या. पोपटच्या डोक्यात आलं की दुकान दौंडला न्यायचं. रेल्वेचं जंक्शन, मोठा बाजार. मोटारी जळणार आणि त्यांना नवी तार भरावी लागणार. दानिएल म्हणाला, न्हाई. का न्हाई? तर न्हाई. पोपटानं महिनाभर विचारलं. शेवटी दानिएल चिडून बोलून गेला, "लेथ शिकून घेतलीस माझ्याकडनं, आता मला हाकलायला निघालास व्हय?"

हे पोपटला झोंबलं. तो उठला आणि त्यानं दाराला आपलं कुलूप घातलं. दानिएलनं त्यावर आपलं घातलं. दुसऱ्या दिवशी पोपट वकिलाकडे, तिसऱ्या दिवशी दानिएल वकिलाकडे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; मी त्या पायरीजवळच पोट भरलं, तेव्हा मला ती म्हण जास्त कळते. पोपटच्या वकिलानं दावा लावला की भागीदारी मोडावी आणि लेथ विकावी. कारण इंजिनं, हत्यारं, सगळं वाटता येतं, लेथ मधोमध कापता येत नाही. लेथ गेली की दुकान संपलं, आणि दुकान संपलं की ते दोघंही संपले, हे अख्ख्या शिरूरला कळत होतं. त्या दोघांना सोडून.

दानिएलच्या वकिलाला माझा दस्त सापडला. त्यानं भर कोर्टात पंचाचं कलम वाचून दाखवलं आणि दावा थांबवायची मागणी केली. पोपटचा वकील हसायला लागला. "साहेब, पंच म्हणून एकमेकांच्या घरच्या बायका! हा दस्त आहे की थट्टा? कोणी लिहिला हा?"

मी मागच्या बाकावर बसलो होतो. कान तापले माझे. जज्जसाहेब शांत माणूस. त्यांनी दोघांना उभं केलं आणि विचारलं, "नातं माहीत असूनच नेमले होते ना पंच?"

दोघांनी खाली मान घालून "व्हय" म्हटलं.

"मग कोर्टाची काही हरकत नाही. पंचांचा निवाडा येईपर्यंत दावा स्थगित."

पंच दोन असले की तिसरा लागतो, दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द त्याचा. त्याला कायद्यात अंपायर म्हणतात. सोजरबाई आणि मरियम संध्याकाळी माझ्या घरी आल्या. सोजरबाई सत्तरीची, पाठीत वाकलेली, पण नजर अशी की माणूस आपोआप सदऱ्याची बटणं लावतो.

"आबा," ती म्हणाली, "त्यो तिसरा कोन आसतोय, त्यो तुमी व्हा. कलम तुमीच लिवलंय. आता निस्तरा."

मला आनंद झाला, हे लपवत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचे निवाडे लिहिले. एकदा तरी आपण द्यावा असं कुणाला वाटणार नाही? या दोघींचं जमणं शक्य नव्हतं. मी मनातल्या मनात निवाड्याची पहिली दोन वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली.

सोजरबाईनं पहिलं काम केलं ते दोन्ही किल्ल्या मागून घेण्याचं. "निवाडा हुईस्तवर दुकान पंचांचं," ती म्हणाली आणि किल्ल्या चोळीच्या गाठीला बांधल्या. मग तिनं दानिएलला बोलावून घेतलं. ती त्याच्या बाजूची पंच, तेव्हा त्याचं म्हणणं तिनं ऐकायला हवं. मरियमनं पोपटला बोलावलं, तिनं त्याचं ऐकलं.

दानिएल सोजरबाईला काय म्हणाला ते मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. वाचणाऱ्याला कोड्यात ठेवणं मला आवडत नाही. दानिएलला दिसेनासं झालं होतं. बहात्तरच्या दुष्काळापासून नजर धूसर होत चालली होती. त्याचा बाप शमुवेल शेवटची दहा वर्षं चर्चच्या ओट्यावर आंधळा बसून होता. दानिएलची खात्री झाली की हे रक्तातलंच आहे, त्याला इलाज नाही, म्हणून तो डॉक्टरकडे गेलाच नाही. शिरूरच्या दुकानात त्याला सगळं हाताला ठाऊक. कुठलं हत्यार कुठल्या खिळ्याला, लेथचं कुठलं हँडल किती फिरवायचं. दौंडला नवी जागा, नवी माणसं. पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं.

"मावशी, पोपटला सांगू नगंस," तो म्हणाला. "त्यो कीव करंल माझी. ती मला सोसायची न्हाई."

सोजरबाईनं शब्द दिला.

मरियमला तर हे आधीच माहीत होतं. नवरा-बायकोत काय लपतं? पण तिच्याकडून त्यानं बायबलवर हात ठेवून वचन घेतलं होतं की कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. म्हणजे दोन्ही पंचांना एकच गोष्ट ठाऊक, दोघींच्या तोंडाला कुलूप, आणि दुसरीला ठाऊक आहे हे एकीलाही ठाऊक नाही.

पहिली बैठक माझ्या पडवीत झाली. मी कागद, टाक, दौत मांडून बसलो. मरियम म्हणाली, "पोपटभाऊजींचं म्हणणं रास्त आहे. इंजिनाचं काम कमी होतंय. दुकान दौंडला न्यावं."

हे ती आपल्या नवऱ्याच्या विरुद्ध बोलत होती आणि बोलताना पदराचं टोक पिळत होती. पण पोपटची पंच म्हणून नेमली होती ना, मग त्याची बाजू मांडणारच. मास्तरीण ती.

"न्हाई," सोजरबाई म्हणाली. "दुकान हितनं हलायचं न्हाई. माझ्या पोराला भिंगरी हाय पायाला. त्याचं काय ऐकायचं?"

"मावशी, पण कारण काय न हलायचं?"

"हाय कारण."

"काय आहे?"

"हाय म्हनलं ना. तुला ठाव न्हाई ते बरं हाय."

मरियमनं पदर आणखी पिळला. तिच्या मनात आलं असेल, मला ठाऊक नाही ते तुम्हाला काय ठाऊक असणार! तासभर असंच चाललं. जन्मात मी असा तंटा पाहिला नव्हता. आई मुलाच्या विरुद्ध, बायको नवऱ्याच्या विरुद्ध, आणि दोघीही इतक्या इमानानं की फी घेणाऱ्या वकिलांनी बघून शिकावं. मी टाक पुन्हा पुन्हा दौतीत बुडवत होतो. आता माझ्याकडे येईल, आता येईल.

तेवढ्यात राहूचा भैरू दारात येऊन उभा राहिला. नदीकाठी ऊस असलेला शेतकरी, माणूस भला, आवाज मोठा. त्याचं इंजिन दुकानात खोलून पडलं होतं आणि वर दोन कुलुपं.

"तुमचं भांडान तुमच्यापाशी," तो म्हणाला, "माझा ऊस काय कुनाचा भागीदार हाय? शेजाऱ्याच्या इंजिनावर निभावलं, आता आठ दिस झालं पानी न्हाई त्याला. एक बुश घासलाय निस्ता. तेवढा करून द्या, मग दुकान दौंडला न्या न्हाईतर काशीला न्या."

सोजरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग चोळीच्या गाठीतल्या किल्ल्या चाचपल्या. "उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "उद्या काम हुईल. पंचांम्होरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही कुलुपं उघडली. आम्ही तिघं बाकावर बसलो. भैरू दारात. पोपट आणि दानिएल एकमेकांकडे न बघता आत आले. महिन्याभरात दोघंही वाळले होते. पोपटानं जुना बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी कडी, पुसून ठेवला, दानिएलनं नवा तुकडा हातानं चाचपून लेथला लावला. पट्टा फिरायला लागला. तो आवाज ऐकून, खरं सांगतो, मलासुद्धा बरं वाटलं.

या कामाची त्यांची एक पद्धत होती. दानिएल हँडल फिरवायचा, त्या हँडलला बारीक रेघांची चकती असते, आणि पोपट मागं उभा राहून त्या रेघा मोठ्यानं वाचायचा. "पाच… चार… तीन…" मी चहाला दुकानात गेलो की हे ऐकायचो. एकदा मी विचारलंही होतं, तेव्हा पोपट म्हणाला, "लेथ शिकतोय आबा. मोठ्यानं वाचलं म्हंजी चुकलं तर दादा सांगतो." दानिएलही मास्तरासारखी मान हलवायचा.

आताही पोपट सवयीनं मागं जाऊन उभा राहिला. तोंड उघडणार, तोच सोजरबाई म्हणाली, "काम चालू असताना कुनी बोलायचं न्हाई. पंचांचा हुकूम हाय."

"आई, पर…"

"तोंड मीट."

मरियमचा चेहरा उतरला. तिनं सोजरबाईचा हात धरला, सोजरबाईनं तो सोडवून घेतला. दानिएलनं हँडलवर हात ठेवला. पहिलं कातरण सरसर निघालं, तेवढं हाताला ठाऊक होतं. पण शेवटची बारीक मापं रेघेवर असतात. तो थांबला. चकतीकडे वाकला. आणखी वाकला. कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. लेथ फिरत होती आणि कुणी बोलत नव्हतं. त्यानं अंदाजानं हँडल किंचित फिरवलं. पुन्हा थांबला. भैरूलाही काहीतरी कळलं असावं, तो तोंडावर हात ठेवून उभा होता.

माझं लक्ष पोपटकडे गेलं. त्याच्या मुठी आवळल्या होत्या, ओठ हलत होते. दानिएलचा हात पुन्हा हँडलवर सरकला आणि पोपटच्यानं राहवेना.

"दोन रेघा, दादा!" तो ओरडला. "दोनच. आता एक. बास, बास, आली!"

दानिएलनं हात काढला. पट्टा बंद केला. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला.

"तुला ठावं हाय," दानिएल म्हणाला. मागं वळला नाही.

पोपट जुना बुश उगाच पुन्हा पुसायला लागला.

"कवापास्नं?"

"दुष्काळापास्नं. तू पाना उचलायला हात टाकलास आन् त्यो ईतभर बाजूला पडला. तवाच."

"आन् ते शिकायचं म्हून वाचत हुतास ते?"

"नऊ वर्सं झाली हुती दादा तवा तुझ्यासंगं. रेघा वाचायला नऊ वर्सं लागत्यात व्हय?"

मी नाक पुसलं. उन्हाळ्यात मला सर्दी होते.

दानिएल स्टुलावर बसला. "मग हे दौंडचं खूळ कशापायी?"

"तार भरायचं काम हातानं मोजायचं आसतं," पोपट म्हणाला. "एक वेढा, दोन वेढं, बोटानं. डोळं लागत न्हाईत. तुझ्या बोटावानी बोटं पुन्या जिल्ह्यात न्हाईत. म्हनलं तिकडं गेलो तर तुझं काम बंद पडायचं न्हाई."

"मग तसं सांगायचं हुतंस, गाढवा!"

"कसं सांगू? तुला दिसत न्हाई म्हून सांगू? तुझ्या तोंडावर?" आणि बारा वर्षं तोंडाचा पट्टा बंद न करणारा तो माणूस ढसाढसा रडायला लागला. दानिएलनं हात पुढं केला, तो वीतभर बाजूला पडला, पण पोपटनं तो धरला.

मरियमही रडत होती. मग तिनं सोजरबाईकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"मी कुनाला काय बोलले का?" सोजरबाई म्हणाली. "शबूद दिला हुता, पाळला. मी निस्तं गप ऱ्हा म्हनले. दोन-तीन वर्सं झाली, माझं पोरगं झोपंत 'पाच, चार, तीन' म्हनतंय. मला वाटायचं काय बाधा झाली. दानिएलनं डोळ्याचं सांगितलं तवा उजेड पडला." तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "आबा, कागद आनलाय न्हवं? लिवा."

मी म्हटलं, "पंचांचं एकमत झालंय का? नसेल तर अंपायर म्हणून मी…"

"झालंय," दोघी एकदम म्हणाल्या.

माझी जुळवून ठेवलेली दोन वाक्यं तशीच राहिली.

निवाडा मी आजवर लिहिलेल्या दस्तांत सगळ्यांत लहान. दुकान शिरूरलाच राहावं. तार भरायचं काम इथंच सुरू करावं, ते दानिएलनं पाहावं. लेथ विकू नये. आठ दिवसांच्या आत पोपटनं दानिएलला पुण्याला नेऊन डोळे दाखवावेत आणि या कलमास दानिएलनं हरकत घेऊ नये. दाराला एकच कुलूप असावं. खाली मरियमची सही आणि सोजरबाईचा अंगठा. भैरूला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली, तर तो म्हणाला, "आधी बुश द्या." बुश चपखल बसला होता.

निवाडा कोर्टात दाखल झाला. जज्जसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्याप्रमाणे हुकूमनामा केला. पोपटचा वकील मला म्हणाला, "शंकरराव, डोळ्यांच्या तपासणीचं कलम मी कुठल्याच निवाड्यात पाहिलं नव्हतं." मी म्हटलं, "थट्टा नाही हो, दस्त आहे." एवढा सूड मी घेतला. माणूस आहे मी.

पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकलाय, काढून टाकू. एवढंच. रक्तातलं वगैरे काही नाही. बापालाही बहुधा हेच झालं होतं, तो उगाच दहा वर्षं ओट्यावर बसून राहिला आणि कुणी त्याला डॉक्टरकडे नेलं नाही, हे दानिएलला त्या दिवशी कळलं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं, परतीच्या एस.टी.त तो तेवढंच बोलत होता, असं पोपट म्हणाला.

दिवाळीनंतर तो दुकानात आला तेव्हा त्याच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा होता. मी आवर्जून गेलो होतो. सोजरबाईही आली होती, कोपऱ्यातल्या डब्यावर बसून चहा पीत होती. दानिएलनं भिंतीवरची तसबीर पाहिली, कॅलेंडरवरचं वचन लांबून वाचून दाखवलं, मला म्हणाला, "आबा, लई म्हातारं झालात की." मग लेथवर तुकडा लावला.

पोपट दाराशी उभा होता. पट्टा फिरला, कातरण निघालं, शेवटची मापं आली. दानिएल वाकला. काचेतून रेघा त्याला दिसत होत्या, लख्ख दिसत होत्या, माझ्यासमोर त्यानं त्या आधी मोजूनही दाखवल्या होत्या. तरी त्याचा हात हँडलवर थांबला तो थांबलाच.

"काय झालं?" पोपटनं घाबरून विचारलं. "दिसंना का?"

"दिसतंय की."

"मग?"

दानिएलनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला.

"मागं ये," तो म्हणाला. "वाच."